शिछ्यूलिंगचा जुना रेल्वे बोगदा आणि त्यावरचा किल्ला: कीलुंगला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

तैवानच्या उत्तर टोकाला असलेल्या कीलुंग बंदराच्या दक्षिणेस शिछ्यूलिंग नावाची एक डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावर चीनच्या छिंग राजवटीच्या काळातील तोफांचा किल्ला आहे आणि तिच्या पोटातून त्याच काळातील २३५ मीटर लांबीचा रेल्वे बोगदा गेलेला आहे. तैवानमधील हा पहिला रेल्वे बोगदा. छिंग काळातला, आजपर्यंत टिकून राहिलेला असा दुसरा बोगदा त्या बेटावर नाही. १८९८ पासून त्यातून एकही गाडी गेलेली नाही. शिछ्यूलिंग बोगदा किंवा, ज्याने तो खोदवला त्या प्रांतपालाच्या नावाने, ल्यू मिंगछ्वान बोगदा अशा दोन्ही नावांनी तो ओळखला जातो. शोधताना आणि विचारताना दोन्ही नावे जवळ असलेली बरी.

या जागेला भेट देणाऱ्यांपैकी अनेकांची थोडी निराशा होते, आणि तिचे कारण बोगद्यात नसून पाहण्याच्या पद्धतीत असते. २३५ मीटर हे अंतर सावकाश चालले तरी पाच-सहा मिनिटांत संपते. एखाद्याने टॅक्सी थेट बोगद्याच्या तोंडाशी नेली, दोन छायाचित्रे काढली आणि तो परत फिरला, तर त्याला एक ओलसर कमान पाहिल्याखेरीज काही मिळणार नाही. बोगदा आणि त्याच्या डोक्यावरचा किल्ला ही एकाच युद्धाची दोन अपत्ये आहेत. म्हणून आधी किल्ला आणि मग बोगदा, या क्रमाने दोन्ही एकाच दिवशी पाहावेत, असा माझा आग्रह आहे. पुढील माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

निघण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाची सूचना ही की बोगदा हे संरक्षित वारसास्थळ आहे आणि त्याला फाटक आहे. ते दिवसभर, सर्व वारी उघडे असेल असे गृहीत धरू नये. डागडुजीसाठी, दगड सुटल्याच्या कारणाने किंवा वादळानंतरच्या तपासणीसाठी अशी ठिकाणे बंद ठेवली जातात. त्यामुळे निघण्याच्या एक-दोन दिवस आधी कीलुंग नगरप्रशासनाच्या सांस्कृतिक विभागाची ताजी सूचना पाहावी. त्यांच्या सूचना चिनी भाषेत असतात, पण फोनमधील भाषांतराची सोय एवढ्या कामाला पुरते. तुम्ही गटाने जाणार असाल, विशेषतः विद्यार्थ्यांना घेऊन, तर आधी पत्र पाठवून वेळ मागून घ्यावी. तैवानमधील कार्यालये अशा पत्रांना सहसा सौजन्याने उत्तर देतात. एका तोंडाने शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडता येईल, हेही ठरवून टाकू नये. आल्या वाटेने परतण्याची तयारी ठेवून टॅक्सीवाल्याशी तसे बोलून ठेवावे.

दुसरी गोष्ट हवेची. कोकणातून किंवा पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात पावसाचे एक ठरलेले वेळापत्रक असते, आणि कीलुंगमध्ये ते उलटे होते. हिवाळ्यात ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरचे बाष्प घेऊन या डोंगरांवर आदळतात आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत येथे झिमझिम पाऊस दिवसेंदिवस चालू राहतो. तैवानचे लोक कीलुंगला पावसाचे बंदर म्हणतात ते उगीच नाही. जुलै ते सप्टेंबर हा वादळांचा हंगाम असल्याने त्या दिवसांत हवामान खात्याचा इशारा असेल तर डोंगरवाट टाळावी. एप्रिलमधील किंवा ऑक्टोबरमधील कोरडा दिवस साधता आला तर उत्तम. पण कोरडा दिवस मिळाला तरी बोगद्याच्या आत ओल असतेच. पकड असलेले बूट घालावेत, सपाट तळाच्या चपला नकोत. किल्ल्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि त्या उतरताना पाय सटकण्याची भीती चढतानापेक्षा जास्त असते. हातात धरायची विजेरी सोबत ठेवावी. फोनचा उजेड वाट दाखवायला पुरतो, पण कमानीच्या माथ्यावरची विटांची रचना पाहायला पुरत नाही. डासांसाठी मलम आणि पाण्याची बाटली इतके सामान पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट भाषेची. बोगद्याचे आणि किल्ल्याचे नाव चिनी अक्षरांत फोनमध्ये साठवून ठेवावे, कारण आपण केलेला उच्चार टॅक्सीचालकाला कळेलच असे नाही, तर लिहिलेली अक्षरे पाहून तो लगेच मान डोलावतो.

तैपेईहून कीलुंग

तैपेईच्या मुख्य स्थानकावरून कीलुंगला लोकल गाडीने पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि तिकिटासाठी रांग न लावता इझीकार्ड (आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासकार्ड) दाखवून फलाटावर जाता येते. एकच खबरदारी घ्यावी लागते. पूर्वेकडे यीलान आणि ह्वालियनला जाणाऱ्या गाड्याही याच मार्गाने बाडू स्थानकापर्यंत येतात आणि तेथून फुटून वेगळ्या दिशेने निघून जातात. गाडीच्या पाटीवर शेवटचे स्थानक कीलुंग आहे ना, हे पाहूनच चढावे. चुकून दुसरी गाडी पकडली तर बाडूला उतरून मागून येणारी कीलुंगची गाडी घ्यावी, म्हणजे फार नुकसान होत नाही.

बाडू सुटले की खिडकीबाहेर लक्ष ठेवावे. बाडू आणि सानखंग या दोन स्थानकांच्या दरम्यान गाडी एका बोगद्यात शिरते. झुझलिंग, म्हणजे बांबूची टेकडी, असे त्याचे नाव. आपण जो जुना बोगदा पाहायला निघालो आहोत त्याची जागा १८९८ मध्ये याच मार्गाने घेतली. तैवान १८९५ मध्ये जपानच्या ताब्यात गेल्यावर जपानी अभियंत्यांनी छिंग काळातील रेल्वेमार्ग तपासला. त्यातील तीव्र चढ आणि अवघड वळणे त्यांना परवडण्याजोगी वाटली नाहीत, म्हणून त्यांनी कीलुंगकडील भागाची आखणीच बदलली. ज्या बोगद्यासाठी अडीच वर्षे डोंगर फोडला गेला त्याचे रेल्वेचे आयुष्य अशा रीतीने जेमतेम सात-आठ वर्षांचे ठरले. मराठी वाचकाला हे फारसे नवलाचे वाटू नये. बोरघाटातील १८६३ ची मूळ वाटही, तिच्यावरील गाडीची दिशा उलटवण्याच्या स्थानकासह, १९२० च्या दशकाच्या अखेरीस बदलावी लागली होती. डोंगरातला पहिला मार्ग पैसा, यंत्रे आणि अनुभव या तिन्हींच्या तुटवड्यात आखला जातो आणि दुसरी पिढी तो सुधारून घेते.

आधी किल्ला

कीलुंग स्थानकातून बाहेर पडल्यावर समोर बंदर दिसते. त्याच्याकडे पाठ केली की शहराच्या मागे उभी असलेली रांग शिछ्यूलिंगची. वर जाणारा रस्ता आणि पायऱ्यांच्या वाटा शहराच्या वस्तीतूनच निघतात. ज्यांना चढ नको असेल त्यांनी टॅक्सीने शक्य तितके वर जावे आणि उरलेले अंतर चालावे. वाटेत फिंगआन नावाचे भूमिदेवाचे मंदिर लागते, तेथे बसून दम घेता येतो.

येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महादरवाजा, तटबंदी, टाकी आणि बालेकिल्ला उभा राहतो. तसे येथे काहीही नाही. हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा तोफांचा मोर्चा आहे: दगडी चिऱ्यांच्या भिंती, तोफा बसवण्याच्या जागा आणि दारूगोळ्यासाठी केलेली आडोशाची बांधणी. रांगेवर पूर्वेस आणि पश्चिमेस अशा दोन मोर्च्यांची रचना होती, त्यांपैकी आज पाहायला मिळतो तो पूर्वेचा. वास्तू म्हणून तो अर्ध्या तासात पाहून होतो. खरे पाहायचे ते तेथून दिसणारे बंदर.

माथ्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहावे. तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेली पाण्याची एक चिंचोळी जीभ शहराच्या आत शिरलेली दिसते आणि तिचे तोंड समुद्राकडे उघडलेले असते. मोठ्या जहाजांना आसरा मिळेल असे उत्तर तैवानमधील हे बंदर, आणि जवळच दगडी कोळशाच्या खाणी. वाफेच्या आरमारासाठी याहून मोलाची जागा दुसरी नव्हती. म्हणूनच १८८४ मध्ये व्हिएतनामवरून फ्रान्स आणि चीन यांच्यात युद्ध पेटले तेव्हा फ्रेंच आरमाराची नजर पहिल्यांदा कीलुंगवर गेली. ऑगस्ट १८८४ मधील पहिला हल्ला परतवला गेला. कोळसा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ल्यू मिंगछ्वानने खाणी निकामी करवल्या आणि कोळशाचे साठे जाळून टाकले. १ ऑक्टोबरला अॅडमिरल कूर्बेच्या हाताखालील फ्रेंच फौज पुन्हा उतरली आणि या वेळी तिने कीलुंग घेतले. त्याच सुमारास वायव्य किनाऱ्यावरील तामसुई बंदरावरही हल्ला होणार हे दिसत असल्याने ल्यूने आपले बरेचसे सैन्य तिकडे हलवले होते. ८ ऑक्टोबरला तामसुईला फ्रेंचांना माघार घ्यावी लागली, पण कीलुंग मात्र जून १८८५ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. बंदराच्या पूर्वेकडे चुंगचंग रस्त्यावर त्या मोहिमेत मेलेल्या फ्रेंच सैनिकांची दफनभूमी आहे. हाताशी वेळ असेल तर तीही पाहावी.

आता माथ्यावरूनच पाठ फिरवून दक्षिणेकडे पाहावे. त्या दिशेला कीलुंग नदीचे खोरे आणि त्यापलीकडे तैपेई. कीलुंग आणि तामसुई या दोन टोकांच्या मध्ये, डोंगर आणि नद्या ओलांडत, पायी फौज हलवणे किती जिकिरीचे होते हे ल्यूने त्या आठ-नऊ महिन्यांत प्रत्यक्ष भोगले होते. युद्ध संपल्यावर तो तैवानचा पहिला प्रांतपाल झाला. त्याने बंदरांभोवतीचे मोर्चे नव्याने मजबूत केले आणि १८८७ मध्ये रेल्वेच्या परवानगीसाठी छिंग दरबाराकडे अर्ज केला. त्या अर्जात व्यापाराच्या बरोबरीने किनाऱ्याच्या संरक्षणाचे कारण पुढे केलेले होते. शांघायजवळची वूसुंग रेल्वे दरबाराने १८७७ मध्येच विकत घेऊन उखडून टाकली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी अशी परवानगी मिळवणे किती अवघड होते याची कल्पना येते. (उखडलेले ते रूळ तैवानलाच पाठवले गेले होते आणि तेथे ते वापराविना गंजून गेले.)

एवढे मनात ठेवून खाली उतरावे. पायाखालच्या याच डोंगरातून पुढे आगगाडी गेली.

बोगदा कसा पाहावा

बोगद्याला दोन तोंडे आहेत: उत्तरेचे बंदराच्या बाजूला आणि दक्षिणेचे बाडूच्या बाजूला. पाहणाऱ्याने शक्यतो दक्षिणेचे तोंड गाठावे, कारण शिलालेख तेथे आहे. किल्ल्यावरून उतरून वस्तीतल्या रस्त्यांनी चालत जाता येते, परंतु वाटा वळणावळणाच्या आहेत आणि चढउतार पुष्कळ, म्हणून ज्येष्ठांनी किंवा लहान मुलांबरोबर असणाऱ्यांनी टॅक्सी करावी.

तोंडाशी पोहोचल्यावर लगेच आत शिरू नये. चार-पाच पावले मागे उभे राहून आधी कमानीच्या वर पाहावे. तेथे चार मोठी चिनी अक्षरे कोरलेली आहेत आणि ती जुन्या रीतीप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. 'ख्वांग यू थ्येन खाय' असा त्यांचा उच्चार आणि विशाल अवकाश खुला झाला असा साधारण आशय. हा लेख ल्यू मिंगछ्वानचा. या प्रसंगासाठी त्याने रचलेल्या द्विपदीत माणसाच्या बळाने देवाच्या कारागिरीवर मात केली, अशी कल्पना येते. प्रांतपालाने केलेला हा थोडा डौल आहे खरा, पण पुढे आत गेल्यावर तो फारसा अतिशयोक्तीचा वाटत नाही.

त्यानंतर कमानीची रुंदी पाहावी. हा एकेरी मार्गाचा बोगदा आहे. येथील रुळांमधील अंतर १,०६७ मिलिमीटर होते, म्हणजे आपल्याकडील १,६७६ मिलिमीटरच्या रुंद मार्गापेक्षा पुष्कळ कमी. त्यामुळे डबेही लहान आणि बोगद्याचा गाळाही अरुंद. ठाणे-दिवा मार्गावरील पारसिकच्या बोगद्याची सवय असलेल्या डोळ्याला हे तोंड खेळण्यातले वाटेल. तैवानमध्ये याच मापाची रुंदी जपानी काळातही कायम राहिली आणि आज तुम्ही ज्या लोकलने कीलुंगला आलात तिचे रूळही त्याच मापाचे आहेत.

आत गेल्यावर दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहून डोळे अंधाराला सरावू द्यावेत, आणि मग विजेरी कमानीवर न रोखता भिंतीला जवळजवळ समांतर धरावी. असा तिरपा उजेड टाकला की विटांचे सांधे, चिऱ्यांवरचे छिन्नीचे घाव आणि पाझराने उमटलेले पांढरे ओघळ उठून दिसतात. समोरून उजेड टाकल्यास सगळे सपाट दिसते. भिंतींचे बांधकाम एकसारखे नाही: कोठे वीट, कोठे घडीव दगड, तर कोठे डोंगराचा खडकच. याचे कारण डोंगराच्या रचनेत आहे. उत्तरेच्या बाजूला कठीण खडक आणि दक्षिणेच्या बाजूला भुसभुशीत, पाणी धरणारी माती, अशा दोन परस्परविरुद्ध अडचणी एकाच बोगद्यात आल्या. खडक फोडायला वेळ लागतो, पण एकदा फोडला की तो स्वतःच्या बळावर उभा राहतो. मऊ माती लवकर खणली जाते, पण खणलेले ढासळते, म्हणून तेथे टेकू देत, लगोलग अस्तर बांधत पुढे सरकावे लागते. कामाचा वेळ खरा खातो तो हा मऊ भाग. चालताना आपण कोणत्या जातीच्या जमिनीखाली आहोत हे भिंतीकडे पाहून ओळखण्याचा प्रयत्न करावा. माझ्या मते या बोगद्यातील सर्वांत रंजक गोष्ट तीच आहे.

काम १८८८ मध्ये सुरू झाले आणि १८९० मध्ये संपले. आखणीसाठी आणि सल्ल्यासाठी जर्मन व ब्रिटिश अभियंते नेमले होते, परंतु हात होते ते सैनिकांचे. ल्यूने आपल्या पलटणींनाच खोदकामाला लावले होते. या सैनिकांना बोगद्याच्या कामाचे शिक्षण नव्हते, दमट हवेत ताप आणि इतर आजार होते, आणि परदेशी अभियंत्यांचे व चिनी अधिकाऱ्यांचे कायमच जुळत असे असेही नाही. आत उभे राहून भिंतीचा एखादा हातभर तुकडा नीट न्याहाळला की घाव एकसारखे नाहीत हे लक्षात येते. बोटांनी मात्र तो चाचपू नये. जुना चुना आणि ओलावलेली वीट हात लागून लागून झिजते आणि हातांचे तेल बसलेल्या जागी शेवाळही लवकर धरते.

छायाचित्रे काढणाऱ्यांसाठी एवढेच की आतून बाहेर, तोंडाच्या उजेडाकडे पाहत काढलेल्या चित्रात कमानीचा आकार सर्वांत चांगला येतो. फ्लॅश वापरल्यास हवेतले पाण्याचे कण चमकून चित्र पांढुरके होते, म्हणून तो बंद ठेवावा. तिपाई लावायची असल्यास तेथील कर्मचाऱ्याला आधी विचारावे. वरून पाणी टपकत असेल, विटेचा किंवा दगडाचा तुकडा ताजा पडलेला दिसला, किंवा फाटकाशी धोक्याची फीत बांधलेली असली, तर आत जाण्याचा हट्ट करू नये.

ज्या इंजिनासाठी हे सारे केले ते

कीलुंग ते तैपेई हा मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी ल्यू मिंगछ्वान पदावरून गेला. त्याच्या जागी आलेल्या शाओ यूल्येनने मार्ग १८९३ मध्ये शिन्चूपर्यंत नेऊन तेथेच थांबवला. शिन्चूला आज विद्यापीठात शिकणारे किंवा चिप बनवणाऱ्या उद्योगात नोकरी करणारे भारतीय बरेच आहेत आणि त्यांत मराठी मंडळीही आहेत. त्यांना हा जुना मार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आजच्या गाडीने करता येतो, फक्त शिछ्यूलिंगचा तुकडा तेवढा पायी करायचा. पुढे २९ मे १८९५ रोजी जपानी फौज ईशान्य किनाऱ्यावर उतरली आणि ३ जूनला कीलुंग पडले. त्या दिवशी शिछ्यूलिंगच्या किल्ल्यावरही लढाई झाली. दहा वर्षांपूर्वी समुद्रातून येणाऱ्या शत्रूसाठी सज्ज केलेल्या या रांगेवर शत्रू जमिनीच्या वाटेने आला होता.

रिकाम्या बोगद्यात रूळ नाहीत आणि गाडीही नाही, म्हणून परतताना तैपेईत उतरून पहिले इंजिन पाहिल्याशिवाय ही भेट पुरी होत नाही. 'थंग्युन', म्हणजे ढगांवर स्वार झालेले, असे त्याचे नाव असून ते जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या होहेनझोलर्न कारखान्यात १८८७ मध्ये तयार झाले. तैपेईच्या २२८ शांतता उद्यानात ते छपराखाली ठेवलेले आहे आणि पाहायला तिकीट लागत नाही. मेट्रोच्या तांबड्या मार्गावरील तैवान विद्यापीठ रुग्णालय स्थानकावर उतरले की उद्यान लागूनच आहे. इंजिनाच्या शेजारी उभे राहून त्याच्या धुराड्याची उंची डोळ्यांनी मोजावी आणि कमानीच्या माथ्याशी ती ताडून पाहावी. चालकाच्या डोक्यावर आणि छपराच्या वर किती कमी जागा उरत असेल, आणि कीलुंगचा चढ चढताना कोंडलेला धूर कोठे जात असेल, हे मग सांगावे लागत नाही.

ज्यांना याहून खोलात जायचे असेल त्यांनी हिरव्या मार्गावरील बेमेन स्थानकाजवळचे रेल्वे विभाग उद्यान पाहावे. जपानी काळातील रेल्वे कचेरीच्या इमारतीत राष्ट्रीय तैवान संग्रहालयाने ते २०२० मध्ये सुरू केले. ते सोमवारी बंद असते आणि त्याला तिकीट आहे. कीलुंगची भेट सकाळी लवकर सुरू केली, किल्ल्याला दीड-दोन तास आणि बोगद्याला एक तास दिला, तर दुपारच्या जेवणानंतर तैपेईला परतून संग्रहालय बंद होण्यापूर्वी ते पाहता येते. मात्र किल्ल्याच्या पायऱ्या भरउन्हात चढायच्या नसतील तर हा क्रम उलटा करू नये.